बाकीचे बारा

बुधवार पेठेतून आणलेले तीन रेझिस्टर,
तपकिरी काळा तांबडा, प्रत्येकी एक किलोओहम.
डावीकडे नऊ व्होल्टची बॅटरी,
उजवीकडे चार पेन्सिल सेल, मुद्दाम उलटे.
मधल्यातून किती जातो ते काढायचं.

रेणुकानं सेल उपसले, जागा मोकळीच ठेवली.
साडेचार, म्हणाली.
अगं, माणूस उठून गेला
म्हणून दार लावून घ्यायचं नसतं.
त्याच्या जागी तार लाव.
लावली. तीन मिलिअँपिअर, खाली.
मग सेल परत, बॅटरीच्या जागी तार.
दोन, वर.
सगळं जोडलं तर मीटरवर एकाहून किंचित जास्त.
सेल जुने आहेत.

हसली. बाबा म्हणतात चाकणला लाग,
आई म्हणते डिग्री कर,
म्हणजे मी एक मिलिअँपिअर, सर,
चाकणच्या दिशेनं.

एकोणीस वर्षं हे मीटर पुसतोय,
असं कुणी बोललं नव्हतं.
मी घाईनं म्हटलं, आता पॉवर काढ.

तिनं तिनाचा वर्ग केला, दोनाचा केला,
नऊ आणि चार, तेरा लिहिले.
मग एकाचा वर्ग केला
आणि पेन थांबलं.

बाकीचे बारा कुठे गेले?

कुठे नाही. वर्गात उणे चिन्ह टिकत नाही,
प्रवाह मिळवता येतात, उष्णता नाही.
ते नऊ, ते चार
दुसरा गप्प होता तेव्हाचे.

साडेपाचची कात्रज बस खाली थांबली, निघाली.
रेणुका वहीत बघत होती.
तेरा तिनं खोडले नव्हते.