वर्णनात्मक नोंदी, आठवी ब

नोंदवहीसाठी वाक्यं छापील मिळतात,
त्यांतलं एक निवडायचं:
नाट्यीकरणात आवडीने भाग घेतो.
संवाद योग्य हावभावांसह म्हणतो.
कलेविषयी आदर बाळगतो.
चाळीस मुलं, तीन वाक्यं.
मी आलटून पालटून वाटते,
वाढदिवसाच्या गोळ्या वाटाव्या तशी.

घणसोलीच्या या शाळेत माझा तास शुक्रवारी, शेवटचा.
तासिका तत्त्वावर, म्हणजे
घंटेनंतर मी इथली कुणी नाही.
वेळापत्रकात 'नाट्य व माध्यम' हे सुबक अक्षरात,
आणि त्यावर पेन्सिलीने, खोडता येईल इतकं हलकं: गणित.
नवले सर दारात उभे राहतात,
'एक प्रमेय राहिलंय, बाई. तुमचं काय, नाचगाणंच ना?'
चारांतले दोन शुक्रवार मी असे सोडले.
भांडता आलं असतं.
याला छापील वाक्य नाही.

सभागृहात मोडके बाक आहेत, किल्ली शिपायाकडे,
शिपाई रजेवर.
म्हणून आम्ही गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी.
एकीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याची घरघर,
दुसरीकडे लांब, खारफुटीमागे, खाडीची एक रेघ.
माध्यमाचं साहित्य: माझा फोन. काच तडकलेली.

जूनमध्ये मीही तेच केलं, जे माझ्यावर झालं होतं.
'दुःख' म्हटलं की चाळीस हात कपाळावर.
'आनंद' म्हटलं की टाळी आणि उडी.
माझंच खोटं, चाळीस प्रतींत,
माझ्यासमोर ओळीने उभं.

मग एकदा, काही सुचेना म्हणून, म्हणाले:
घरात कोण काय उचलतं, ते उचलून दाखवा.

जान्हवी मढवीने मासळीची पाटी उचलली,
पण आधी डोक्यावरची चुंबळ नीट केली.
चुंबळ मी विसरले असते.
इरफानने झोपलेला भाऊ उचलला. आधी मान सावरली.

सुजल ओंबळे उठला.
वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, कांदा-बटाट्यात.
तो पाठ करून उभा राहिला, थोडा वाकला,
मागून कुणी पोतं देतंय तसा थांबला.
मग ते आलं.
आधी गुडघे गेले. मग मानेतली एक शीर वर आली.
चेहऱ्यावर काही नाही.
काहीच नाही.
पन्नास किलो हवा घेऊन तो टाकीकडे निघाला
आणि पोरं बाजूला सरकली, वाट द्यायला.

फोन अल्फियाकडे होता. मी ओरडत होते, चेहरा घे, चेहरा.
तिने फक्त पाय घेतले.
रात्री घरी पाहिलं.
तिचंच बरोबर होतं.

सोमवारी तपासणी झाली.
भाड्याच्या नऊवारीत सातवीच्या मुली नाचल्या,
स्पीकर मधेच बंद पडला तरी हसत राहिल्या, फोटो निघाले.
शेरा: कला विभाग समाधानकारक.
मी फोन पुढे केला. जेमतेम अर्धा मिनिट.
साहेबांनी दहा सेकंद पाहिलं.
'यात संदेश काय आहे?'
मला सांगता येईना.
'बरं, लेखी पुरावा?'
तोही नव्हता.

आज वह्या द्यायच्या आहेत.
हजेरी क्रमांक बावीस, ओंबळे सुजल.
आवडीने भाग घेतो, लिहिते.
रकाना तेवढाच आहे.

रकान्याबाहेरचं हे:
त्या शुक्रवारी घंटा झाली, पोरं जिन्यात धडधडली,
मी चप्पल शोधत होते,
आणि हा अजून टाकीपाशी, वाकलेला, पोटऱ्या थरथरताहेत.
'सुजल, झालं रे. तास संपला.'
मान न वळवता म्हणाला,
'बाई, थप्पी कुठंय? टाकू कुठं?'

उचलायला सांगितलं होतं मी.
पुढचं मला कुणी शिकवलं नव्हतं.
टाकीमागचा कोपरा दाखवला, उगाच, बोटाने.
तो तिथवर गेला, खांदा झुकवून पोतं सोडलं,
मानेवरची माती झटकली
आणि दप्तर घेऊन खाली पळाला.

अजूनही शुक्रवारी गच्चीवर गेले
की तो कोपरा सोडून चालते मी.