दोन्ही दारं उघडी

पत्र एका पानाचं होतं, सही छापील.
‘पुढील हंगामापासून हे मॉडेल बनणार नाही.’
कारणाला अर्धी ओळ: बदलते निकष.

मी ते काउंटरच्या काचेखाली सरकवलं,
पिस्टन रिंगांच्या दरपत्रकाशेजारी,
आणि निम्मं वेनोका गाव ते वाचायला आत आलं,
बुटांतली वाळू न झटकता.

डेल्बर्ट म्हणाला, वकिलांनी खाल्लं.
पोरं पडतात, आया कोर्टात जातात.
ऑर्विल म्हणाला, महागडी नवी गाडी गळ्यात मारायचीय,
दुसरं काय.
म्हाताऱ्या क्लीटसनं फक्त टोपी काढली,
जणू आत कुणाला शेवटचं पाहायला ठेवलं होतं.

एकोणीस वर्षं मी इथे सुटे भाग विकते.
ट्वायला, तुला काय वाटतं, असं कुणी विचारलं नाही.
म्हणून सांगते.

चार ठोक्यांचं इंजिन संसारी असतं.
घेतं, दाबतं, जाळतं, सोडतं.
हातातलं उरकल्याशिवाय पुढच्याला शिवत नाही,
एक दार लावून मगच दुसरं उघडतं.
हिला तेवढी उसंत कुठली.
सगळं दोन ठोक्यांत.
जळलेलं निघतंय न निघतंय तोवर नवं आत घुसतंय,
दोन्ही दारं एकदमच सताड,
आणि त्या लगबगीत थोडं कोरं पेट्रोल
आलं तसंच, न जळता, बाहेर.

तेच मोजलं असेल कुणीतरी
एखाद्या पांढऱ्या खोलीत, सायलेन्सरला नळी लावून.
आकडा आला असेल.
आकडा खोटा नसणार.

पण त्या घाईतच तर तिचं सगळं होतं!
टेकडीच्या पायथ्याशी ती कुरकुरायची,
चढणार नाही असंच वाटायचं,
आणि मग अर्ध्यावर अचानक
कुणी मांजरपाट टरकावल्यासारखा आवाज,
सिमॅरॉनच्या वाऱ्यात निळसर धूर,
आणि पोरगं कड्यावरून हवेत.

माझा रॉयस तेव्हा सोळाचा.
माझ्याच स्वयंपाकघरातल्या कपानं तेल मोजायचा,
बत्तीसाला एक.
वर्षभर आमच्या पॅनकेकना एरंडेलाचा वास होता.
मी ओरडायचे. कप मात्र बदलला नाही.

अठराव्या वर्षी तो टल्साला गेला,
तिथून अलास्का, तिथून नाताळचा फोन.
रेल्वेनं गाशा गुंडाळल्यापासून
या गावातली पोरं अशीच,
आली नाहीत तोच निघालेली.
कोण किती जळलं,
मोजायला नळी नाही.

कंपनीचा राग येत नाही मला.
मागचं दार वेळेवर लावायला शिकवलं असतं तिला,
तर ती शहाणी झाली असती,
आणि तिच्यासाठी कुणी तीन राज्यं ओलांडून
इथे आलं नसतं.
धूर मीही गिळलाय. खोकलेयसुद्धा.

काल एक पोरगा आला, डावा सिलिंडर मागत.
नंबर मला पाठ. टाइप केला.
पडद्यावर लाल अक्षरं.
विचारलं, चिरलाय की नुसता घासलाय?
घासलाय, म्हणाला.
मग घेऊन ये उद्या, भोक थोडं वाढवून घेऊ.
एक माप मोठे पिस्टन अजून तीन आहेत माझ्याकडे.
म्हणजे, विकायला
दोन.