बारा काचा

बेलापूरला, सेक्टर अकरात, बँकेच्या तळमजल्यावर
बारा काचा आहेत. एकेक माझ्या दीडपट.
सकाळी सहाला यायचे मी तेव्हा
रात्री कोण कोण येऊन गेलं
ते व्हरांड्याची फरशी सांगायची.

गोल घासलेलं, मधोमध तेलाचा डाग :
म्हणजे रेहाना डोक्यावर फिरली.
कॉलेजला जाताना भेटली तेव्हा म्हटलं,
अगं, टोपी तरी घाल.
म्हणाली, घालते ना मावशी, पण अम्मी तेल इतकं चोपडते
की टोपीतूनसुद्धा उतरतं.

काळ्या आखूड रेघा, शंभर-दोनशे,
चिमणीच्या पायाला शाई लावून सोडावी तशा,
त्या हाऊसवाल्यांच्या.
घर म्हणतात नाचाला!
पण बरोबरच आहे.
दहा बाय दहाच्या खोलीत सगळे झोपलेले असताना
मोरीपर्यंत जायचं म्हणजे
पाय असेच टाकावे लागतात.

थंगराज काहीच ठेवून जायचा नाही.
दोन बुटांचे ठसे, शेजारी शेजारी,
रेशनच्या रांगेत उभ्या माणसासारखे.
मला वाटायचं, हा पोरगा येतो नि नुसता उभा राहतो.
पॉपिंग आहे ते, रेहाना म्हणाली, सगळं आतल्या आत होतं.
बरं, म्हटलं.
माझंही पुष्कळसं तसंच होतं.

ऑगस्टात एक टाईल फुटली.
डिसले साहेब म्हणाले, कुणी फोडली?
म्हटलं, मालच हलका होता, साहेब.
दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला निनाद होता तो,
क्रम्प करतो, पाय आपटत, छाती फोडत.
बापाने होडी विकली त्या रात्री
तो एकटाच आला होता म्हणे.
अजून फडकं अडकतं तिथे.

मार्चमध्ये माझी पाळी बदलली. रात्री आठ ते साडेदहा.
पहिल्याच दिवशी आत ट्यूब लावून पुसत होते
तर काचेवर टकटक.
सहा-सात जण, घामाने निथळलेले.
मावशी, लाईट बंद करा ना.
का रे?
आत उजेड असला की आम्ही आम्हाला दिसत नाही.

मला जरा वेळ लागला.
दिवा असला तर त्यांना दिसतात कर्जाचे फॉर्म,
टोकनचं मशीन, साखळीला बांधलेलं पेन,
बादली, मी.
दिवा गेला की काचेचा आरसा.

अर्धा तास, म्हटलं, नि बटण दाबलं.

अंधारात पोछा मारता येतो. हाताला सवय असते.
पण मी मारला नाही.
बाहेर एकाचा हात फिरता फिरता मध्येच थांबला,
डिसले साहेबांचे बूट ऐकून माझा थांबतो तसा,
पण तो हसत होता, बोट रोखून,
गुडघ्यावर पडून पुन्हा उभा.
लॉकिंग. हे नाव मला आधीच माहीत होतं,
फक्त दाराचं वाटायचं.

मग तो यशोधन.
दिवसभर तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात पावत्या फाडतो.
त्याने हात खांद्यांवरून असे मागे टाकले
की केस बारीक कापलेले असूनही
कमरेपर्यंतचे केस उडालेले मी पाहिले.
वॅकिंग करत करत काचेपाशी आला,
वीतभर अंतरावर,
आणि स्वतःच्या डोळ्यांत बघायला लागला.
तिथे माझे डोळे होते.

इतकं निरखून मला कुणी बघितलेलं नाही.
आंतरपाट खाली आला तेव्हाही नाही.
आणि हा तर मला बघतच नव्हता.
मी श्वास धरला. माझ्या बाजूने वाफ धरली असती,
त्याच्या तोंडावर डाग पडला असता.

साडेनऊला दिवा लावला. सगळे विझले.
कुणीतरी बाहेरून थँक्यू म्हणालं. ऐकू आलं नाही, ओठ दिसले.

दुसऱ्या संध्याकाळी बाहेरची बाजू आधी घेतली.
सातव्या काचेवर कपाळाएवढा एक तेलकट डाग.
साबण लावला, कागदाने घासला, नखाने खरवडला.
जाईना.
मग आत गेले.