माथ्यावरचं श्री

बाबांच्या वहीत पाच-पाच अक्षरांचे ढीग आहेत,
पानंच्या पानं.
लोंढा जंक्शन, तारघर, एकोणीसशे एकोणचाळीस,
वैशाख.

मुरगावहून तारा यायच्या, पुढे मुंबईला जायच्या:
मँगनीजचा भाव, इतके टन, तितके टन.
बाबा एक प्रत पुढे धाडत,
दुसरी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात.
शनिवारी बेळगाव कॅम्पातला साहेब डबा बदलून नेई.
आम्हाला वाटे, साहेबाला कुंदा आवडत नाही.

फोड करा, असं बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.
पण आजोबांचं मोडी दप्तर वाचलेला माणूस तो.
मोडीत शब्द कुठे संपला कळत नाही,
लेखणी उचललेलीच नसते.
तेव्हा आधी माथा बघायचा.
माथ्यावर श्री असतंच,
खाली शिरसाष्टांग नमस्कार असतोच.
सावकार असो की हेर,
रीत सोडून पहिली ओळ लिहवत नाही कुणाला.

तारांचंही तसंच निघालं.
रोज तीच पहिली पाच अक्षरं, तोच मुजरा.
तिथे नख लावलं.
कंदिलाची काच तीनदा पुसून झाली त्या रात्री
आणि मँगनीजच्या पोटातून जहाजं निघाली,
नावानिशी. कोळसा किती, सुटणार कधी.
शेवटी तीन ढीग:
कॅसलरॉकचा गार्ड आपला आहे.

कॅसलरॉकचा गार्ड म्हणजे कामील.
सकाळच्या गाडीनं आमच्यासाठी उंडे आणणारा.
शकू आणि मी चच्या भाषेत ओरडायचो,
चावप आला, चावप!
आम्हाला वाटायचं ती भाषा फक्त आमची.
तो टोपली उघडून म्हणायचा, चरमग आहे, घ्या.

साहेबाला दिलेल्या उताऱ्याची नक्कल वहीत आहे.
शेवटच्या तीन ढिगांच्या जागी बाबांचं अक्षर:
अस्पष्ट. वाऱ्यानं लाइन खराब.
त्या दिवशी वारा नव्हता.
समोरच्याच पानावर हवामान लिहिलंय त्यांनी,
पान हलत नाही, उकाडा.

सप्टेंबरात लढाई पुकारली.
साहेब बदलला, डबा थांबला,
कामील येत राहिला.
बाबा उंडा हातात घ्यायचे,
मधोमध मोडायचे,
आत बघायचे क्षणभर,
मग खायचे.

बाकी सगळं मी लावलं, शकूच्या मदतीनं, तिची दृष्टी जाण्याआधी.
एक ढीग राहिलाय.
वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीनं,
बाबांच्याच हातचा.
कुणाला लिहिलाय कळत नाही.
माथा नाही त्याला.