शिवणीतला हिरवा

सात वर्षांनी हेमाताई भुसावळला आली
आणि जेवणाआधीच अण्णांनी हात पुढे केला,
"दाखव तुझं ते ग्रीन कार्ड."
उलटसुलट केलं, चष्मा पुसला, खिडकीशी नेलं.
"हे तं गुलाबी दिसून राह्यलं, माय."

बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
रात्री दोनला, खंडव्याच्या अलीकडे,
डोळ्यात कोळशाची कच गेलेली असतानाही
त्यांनी रंग कधी अंदाजानं वाचला नव्हता.
आणि इथे झोपे मास्तरांना, पोस्टमनला, केळीवालीला
सांगून बसलेले,
पोरीला हिरवं मिळालं म्हणून.

ताई म्हणाली, फार पूर्वी होतं म्हणे हिरवं.
मग निळं झालं, मग आणखी कसलं कसलं.
नाव बदलायला कुणी आलंच नाही.
रांगेत माझ्यापुढे एक पोलिश म्हातारा होता,
खिशात निळं घेऊन
तोही हिरवंच म्हणत होता.

ताटात भरीत.
बामणोदची वांगी, साल पोपटी,
सकाळी पऱ्हाट्यांवर भाजलेली.
वाढताना आईनं स्वतःच्या पदराकडे पाहिलं,
"हा वांगी रंग.
आपल्याकडं वांगं कधी या रंगाचं पिकलं का?
पण दुकानदार तेच म्हणतो, मीही तेच मागते."

अण्णा उष्ट्या हातानंच उठले.
दारामागच्या खिळ्यावरून डाव्या हातानं झेंडा काढला,
निवृत्तीला परत करायचा राहिलेला.
ऊन खाऊन, धुऊन धुऊन
चुलीतल्या राखेसारखा झालेला.
घरात सगळे त्याला हिरवाच म्हणायचो,
मीसुद्धा, त्या दिवसापर्यंत न बघता.
कार्ड त्यावर ठेवून त्यांनी जरा वेळ पाहिलं.
मग लोणचं मागितलं.

परवा ताईचा फोन.
नवीन कार्ड आलंय, गं,
आता खरंच हिरवट आहे,
आणि इथे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अण्णा असते तर बाजारात दोन चकरा जास्त झाल्या असत्या.

मी झेंडा काढला, दांडीजवळची शिवण उसवली.
आत बोटभर पट्टी,
ऊन न पोचलेली.
ताईला पाठवावी म्हणून फोटो काढला.
चारदा काढला.
फोनमध्ये ती निळी येते.