सत्त्याऐंशी हजार

लोक म्हणतात, याकुत्स्कमध्ये नोव्हेंबरात सुरू केलेलं इंजिन
मार्चपर्यंत कुणी बंद करत नाही.
तितकं खरं नाही ते.
रात्री दोनला उठतो आम्ही,
पायांत बूट, अंगावर हाताला लागेल ते,
वीस मिनिटं गाडी चालू ठेवून परत येऊन झोपतो.
तान्ह्या बाळाला पाजायला उठावं, तसं.

द्युलुस्तानने बोनेटसाठी नमद्याची गोधडी शिवून घेतलेली.
दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या अक्षरात चिकटपट्टी:
पुढचं ऑईल ८७,०००.
साताच्या पोटात आडवी रेघ, नेहमीसारखी.

माझा भाऊ गेला तेव्हा मीटर ८३,४१२ वर होता.
उरलेले किलोमीटर मी पुरवून पुरवून वापरले.
बाजारात पायी गेलो.
नदीपलीकडे आत्याकडे गेलोच नाही,
लेनाचा बर्फ ट्रक पेलण्याइतका जाड झाला, तरी.
गाडी खाली नुसती धुरत उभी,
आणि तिच्या आत
त्याने ओतलेलं ऑईल.

सार्गिलानाने गॅरेजचं दार माझ्यामागे ढकलून लावलं.
किती झाले?
म्हटलं, अजून दोन हजार बाकी आहेत.
किलोमीटर रस्त्यावरच्या गाडीचे, ती म्हणाली.
उभ्या गाडीचे तास मोजायचे. तास किती?

तास कोण मोजतं?

तिने काडी ओढली, पुसली, बुडवली,
पुन्हा ओढून दिव्याखाली धरली.
पातळी वरच्या खुणेच्याही वर.
मला बरं वाटलं. काही कमी झालं नव्हतं,
उलट वाढलं होतं.
तिने काडी माझ्या नाकाखाली आणली.

पेट्रोल.

गारठ्यात रेंगाळणारं इंजिन सगळं जाळत नाही,
उरलेलं खाली झिरपतं.
पाहुणे वाढले की ताकात पाणी घालतात ना,
तसं वाढलंय हे.

मग मागच्या पायरीवरून तीन बाटल्या आत आणल्या,
रात्रभर उणे एक्कावन्नात ठेवलेल्या.
एकेक तिरकी केली.
दहा-चाळीस: मेण. उलटी केली तरी ढिम्म.
पाच-तीस निघालं, पण विचार करत करत,
कर्ज फेडायला निघालेल्या माणसासारखं.
शून्य-तीस वाहिलं.
घाई नाही, पण वाहिलं.
डब्यावरचा पहिला आकडा हिवाळ्याचा, ती म्हणाली,
दुसरा इंजिन तापल्यावरचा.
दुकानदार दुसऱ्याबद्दल बोलत सुटतो.
तू पहिला वाच.

तो कोणतं घालायचा?

पाच-तीस. स्वस्त पडायचं.
दर हिवाळ्यात भांडायचे मी त्याच्याशी.

हे मला ठाऊक नव्हतं.
दर हिवाळ्यात म्हणजे किती हिवाळे, ते मी विचारलं नाही.
ती गाडीखाली सरकली होती.
नुसते बूट दिसत होते, एकाचा टाका उसवलेला.

बोल्ट निघाला.
काळं बाहेर आलं, आधी दोरासारखं,
मग सुतासारखं,
मग थेंब, आणि दोन थेंबांमधलं थांबणं.
मी म्हणालो, थोडं ठेवूया का?
बोलून गेलो आणि कान तापले.

गाडीखालून आवाज आला:
राहतंच थोडं.
पंपात, कानाकोपऱ्यांत.
कितीही वेळ उघडं ठेव, सगळं कधीच निघत नाही.
फिल्टर दे इकडे.

नवं ऑईल मधाच्या रंगाचं होतं.
ओतताना दोघंही बघत राहिलो, विनाकारण.

नवी चिकटपट्टी तिने जुनीच्या खाली लावली:
दोनशे तास किंवा एप्रिल,
जे आधी येईल ते.
जुनी काढायला तिने नख लावलं होतं.
मग हात पुसला.

रात्री दोन.
वीस मिनिटं.
आता वही डॅशबोर्डवर असते, पेन खिशात, अंगाशी,
नाहीतर शाई गोठते.
लिहितो: वीस.
काल वीस, परवा पंचवीस, कारण झोप येत नव्हती.
एकूण सात तास पाच मिनिटं.
साताला रेघ
मी आधी मारत नसे.