सायकल मी पदरची घातली

सायकल मी पदरची घातली.
आधी हे कबूल करून टाकते.
एलिसेओकडे सायकल कधीच नव्हती.
आमच्या घरात चाकाची म्हणून एकच वस्तू होती,
वडिलांची, चाकू-सुऱ्यांना धार लावायची.

पण कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात
मुलगा नुसताच नदीकडे जातो,
हे वाक्य काही केल्या उभं राहीना.
माद्रिदच्या भाड्याच्या खोलीत,
बाराव्या की तेराव्या खर्ड्यात,
मी त्याच्या बुडाखाली एक निळी सायकल सरकवली.
वाक्य लगेच चालू लागलं.

एकतीस वर्षं झाली त्याला.

आज वाल्देओल्मोसला आलेय.
सोरियाहून बस दिवसातून एकदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीवर.
शाळेत पोरं उरली नाहीत, म्हणून तिथं संग्रहालय केलंय:
नांगर, लोकर कातरायच्या कात्र्या,
कुणाची तरी लग्नातली काळी ओढणी,
आणि खिडकीपाशी, दोरीच्या कुंपणात,
गंजलेली निळी सायकल.
खाली पाटी. पाटीवर माझ्या भावाचं नाव.

"आमच्या बाबांनीच काढली ती पाण्यातून,"
सातुरिया सांगते. संग्रहालयाची किल्ली
तिच्या एप्रनच्या खिशात असते, लसणाच्या पाकळ्यांसोबत.
"चाक अजून फिरत होतं म्हणे."

चाक अजून फिरत होतं.
माझं वाक्य. पान एकशे बारा.

तिच्या डोळ्यांत खोटं नाही, खरंच पाणी आहे.
बाप दिसतोय तिला, कमरेइतक्या नदीत उभा,
आणि त्याला नदीत मी उतरवलं होतं;
तो त्या दिवशी अल्माथानच्या बाजारात मेंढ्या विकत होता.
आता कुठल्या तोंडाने काढून घेऊ
तिच्याकडून तिचा भिजलेला बाप?

घडलं ते एवढंच:
तो नऊचा, मी सातची. मार्च महिना.
आईला संध्याकाळी एक जोडा सापडला. डावा.

आणि एक राहिलं.
एलिसेओला र म्हणता यायचा नाही.
जीभ टाळूपर्यंत जायची आणि ओशाळून परत यायची.
स्वतःच्या नावात र नव्हता, तेवढा सुटला.
दुएरो नदीला तो दुएओ म्हणायचा.
जी त्याला घेऊन गेली
तिचं नावसुद्धा त्याला धड येत नव्हतं.
आणि मी रुफिना, मला उफिना.
जिन्यातून, तापात, तोंडात पाव कोंबलेला असताना: उफिना.

हे मी कुठल्याच पुस्तकात घातलं नाही.
पिठाच्या डब्यात नोटा लपवाव्यात
तसं दडवून ठेवलं, एवढं तरी माझं असू दे म्हणून.
आई होती तोवर तिला माहीत होतं.
आता डब्याची जागा विचारायला कुणी नाही.
परवा घरी एकटी असताना
मोठ्याने म्हणून पाहिलं, उफिना,
तर आवाज माझाच आला, म्हातारीचा, सिगारेटने खरवडलेला.

डोळे मिटले की निळा रंग दिसतो.
मलाही.
काल रात्री तो मला डबलसीट घेऊन गेला,
उतारावर पाय पसरून, घंटी वाजवत.
मी त्याच्या स्वेटरला घट्ट धरलं होतं
आणि स्वेटर अगदी खरा होता.

सातुरिया अभिप्रायाची वही पुढे करते.
वर तारीख, खाली नाव, गाव असल्यास गाव.
मी लिहिते: उफिना.
ती चष्मा कपाळावरून खाली घेते, वाचते,
"अहो, पहिलं अक्षर राहिलं की,"
आणि स्वतःच्या पेनाने,
शाळेतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून,
माझ्या नावाला हळूच र लावून देते.

मी तिला थांबवलं नाही.
बस पावणेपाचला होती.